शेजारधर्म आणि शहराचे नियम

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनातील व्याख्यानाचा विषय बहुधा ज्ञातीचा पूर्वेतिहास, कुलदैवताचे माहात्म्य किंवा विद्यार्थ्यांस उपदेश असा असतो. चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाची आज्ञा केली तेव्हा त्यांच्या मनातही असाच काही विषय असावा. परंतु आजच्या सभेपुढील विषयपत्रिका आम्ही वाचली आणि तिच्यातील सातव्या कलमाने आमचा विषय ठरवून टाकला. गेल्या वर्षीच्या संमेलनात रात्री दहा वाजता पोलिसांनी आपला ध्वनिक्षेपक बंद करविला, त्याबद्दल निषेधाचा ठराव मांडावयाचा आहे, असे ते कलम आहे. ठरावावर मत देण्यापूर्वी त्या रात्री काय घडले, नियम काय सांगतो आणि दोष कोणाचा, याचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही आज उभे आहोत. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. तेव्हा आजचे बोलणेही जमाखर्चाच्या वहीसारखेच होईल. त्यात एका बाजूस नावे पडणारी रक्कम आमच्या स्वतःच्या खात्यावरही आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

त्या रात्रीचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांस आठवत असेल. ज्ञातिगृहाच्या अंगणात मंडप होता. मुलांची नाट्यछटा झाली, गायन झाले, बक्षीस-समारंभ अर्ध्यावर आला होता. दहास पाच मिनिटे कमी असताना एक हवालदार फाटकाशी आले व ध्वनिक्षेपक बंद करण्याविषयी त्यांनी नम्रपणे सांगितले. आपल्या काही तरुणांनी त्यांच्याशी हुज्जत घातली. शब्दास शब्द वाढला. अखेरीस दहा वाजून गेल्यावर त्यांनी स्वतः आत येऊन यंत्र बंद करविले. पाहुण्यांदेखत ज्ञातीचा अपमान झाला, अशी भावना पसरली. आमच्याही मनात त्या वेळी तीच भावना होती, हे आम्ही लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी राग ओसरल्यावर आम्ही चिटणीसांकडे जाऊन परवान्याची प्रत पाहिली. तीत ‘रात्रौ दहा वाजेपर्यंत’ असे स्पष्ट लिहिलेले होते. खाली आपल्याच संस्थेचा शिक्का व सही होती. म्हणजे हवालदारांनी आपणांवर नवा नियम लादला नव्हता. आपण लिहून दिलेल्या शब्दाची त्यांनी आठवण करून दिली होती. सावकाराने मुदतीच्या दिवशी हप्ता मागितला तर ऋणकोने अपमान मानावा, असाच हा प्रकार झाला.

आता नियम काय आहे ते पाहू. केंद्र शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम केले. त्यांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या मंडळींस ऐकू जाण्यापुरता, तो वापरण्यास मुभा आहे. परंतु त्याचाही आवाज बाहेर किती जावा यास मर्यादा आहे. निवासी वस्तीत दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची सीमा ठरविलेली आहे. व्यापारी वस्तीत ती ६५ व ५५ आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शासनाने शांतता-क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर तेथे मर्यादा ५० व ४० आहे. हे आकडे लहान दिसतात. परंतु डेसिबलचे गणित आपल्या फूटपट्टीसारखे नसते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट भासतो. पंचावन्नाचे पंचाहत्तर झाले तर वाढ वीसाची दिसते, परंतु शक्ती शंभरपट झालेली असते. शेजारच्या खोलीतील आजाऱ्याच्या उशाशी हे शंभरपट जाऊन आदळते.

नियम करणाऱ्यांनी सणासुदीचा विचार केलेला नाही, असेही नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून एकंदर पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे व कोणते दिवस ते शासन ठरविते. आपल्या संमेलनाचा दिवस त्यांत नव्हता. २००५ सालच्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या संपूर्ण प्रश्नाचा विस्ताराने विचार करून रात्रीच्या शांततेचा हक्क मान्य केला. इतर लोकांची शांतता भंग करून, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा अभिप्राय त्याच न्यायालयाने त्यापूर्वी २००० साली मद्रासमधील एका प्रार्थनामंदिराच्या प्रकरणात दिला होता. तेव्हा हा नियम एका धर्मासाठी एक व दुसऱ्यासाठी दुसरा असा नाही.

ठरावाच्या बाजूने जे आक्षेप आम्ही ऐकले त्यांचा येथे परामर्श घेणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, इतर मंडळे मध्यरात्रीपर्यंत गोंगाट करतात, त्यांना कोणी विचारीत नाही. मग आम्हांसच का? या आक्षेपात तथ्य आहे. कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी होत नाही, हे आम्हीही उघड्या डोळ्यांनी पाहतो. परंतु वर्गात दहा मुलांनी नक्कल केली आणि एकच सापडला, तर त्या एकाने ‘नऊ जणांना सोडले, म्हणून मलाही सोडा’ असे म्हणणे गुरुजींस पटत नसते. ‘त्या नऊ जणांनाही पकडा’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्यास अवश्य आहे, परंतु तोही त्याने स्वतःचा पेपर कोरा करून दिल्यानंतर.

दुसरा आक्षेप असा की, वर्षातून एकच दिवस आपण जमतो, तेवढे शेजाऱ्यांनी सोसावे. वरकरणी हे म्हणणे योग्य वाटते. परंतु ज्ञातिगृहात लग्नसराईत किती कार्ये होतात याचा हिशेब खजिनदारांच्या पावतीपुस्तकात आहे. प्रत्येक यजमानाचा तो एकच दिवस असतो. शेजाऱ्याच्या वाट्यास मात्र ते सारे दिवस येतात.

संमेलनानंतर आठ दिवसांनी आम्ही लगतच्या इमारतीत गेलो. तक्रार कोणी केली हे शोधण्यासाठी आम्ही गेलो नव्हतो व ते आम्ही विचारलेही नाही. पहिल्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ अर्धांगाने अंथरुणास खिळलेले आढळले. त्यांची खिडकी आपल्या मंडपाच्या कर्ण्यासमोर, वीसएक हातांवर आहे. त्यांच्या पत्नीने आम्हांस चहा दिला. तक्रारीचा शब्दही काढला नाही. ‘कार्य असले की आम्ही यांच्या कानांत कापूस घालतो,’ एवढेच त्या सहजपणे म्हणाल्या. किती वर्षे, असे आम्ही विचारले. ‘सहा,’ असे उत्तर आले. बंधुभगिनींनो, त्या माउलीने आपणांस कधी शिवी दिली नाही, म्हणून आपला अपराध लहान ठरत नाही.

येथे आपल्या ज्ञातीच्या जुन्या रीतीची आठवण होते. आपला मूळ व्यवसाय तांब्यापितळेच्या भांड्यांचा. आवाजावर पोट भरणारी आपली जात. आमच्या लहानपणी आळीत सकाळपासून हातोड्यांचे ठोके सुरू होत आणि नवखा माणूस दोन घटका तेथे उभा राहू शकत नसे. परंतु दिवेलागण झाली की ठोका बंद, हा दंडक होता. आळीत कोणी अत्यवस्थ असला, कोणाच्या घरी बाळंतीण असली किंवा मर्तिक झालेले असले, तर वडीलधारे सांगत व दिवसासुद्धा हातोडे थांबत. मजुरी बुडे, गिऱ्हाईक खोळंबे, तरी थांबत. त्या काळी डेसिबल कोणास ठाऊक नव्हते व परवानाही नव्हता. पण ठोका कोणाच्या कानावर पडतो याचे भान होते. पोटासाठी आवाज करणाऱ्या आपल्या आजोबांना जे कळत होते, ते करमणुकीसाठी आवाज करणाऱ्या त्यांच्या नातवंडांना हवालदाराने येऊन सांगावे लागले, यात अपमान कोठे झाला असेल तर तो येथे झाला आहे.

आता त्या रात्रीच्या उत्तरार्धाकडे वळतो. त्याविषयी ठरावात एक अक्षरही नाही आणि संस्थेच्या इतिवृत्तात ‘किरकोळ बिघाड’ एवढाच उल्लेख आहे. ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर उरलेली बक्षिसे सभागृहात वाटावी असे ठरले आणि अंगणातील सारी मंडळी आत आली. खुर्च्यांच्या रांगा, मधल्या वाटेत उभे असलेले लोक, दाराशी वहाणांचा ढीग आणि भिंतीलगत एकावर एक रचलेल्या रिकाम्या खुर्च्या, असे दृश्य होते. साडेदहाच्या सुमारास रंगमंचामागील दिव्याची वायर जळाली. ज्वाळा नव्हती; धूर होता. कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडले. मंडळी उठली ती पुढच्या दाराकडे, कारण आपण ज्या दाराने आत येतो त्याच दाराकडे मनुष्य संकटकाळी धावतो. मागील दार अधिक जवळ होते. परंतु त्यास कुलूप होते आणि किल्ली असलेला राखणदार पंगतीस बसला होता. राखणदाराच्या मुलाने प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला, धूर थांबला. हे सारे दोनतीन मिनिटांत घडले. एक भगिनी वहाणांच्या ढिगात अडखळून पडल्या व त्यांचे मनगट मोडले. याहून अधिक काही झाले नाही, ही श्रीकृपा.

काही मंडळी म्हणतात, पोलीस आले नसते तर आपण आत गेलोच नसतो, मग हा प्रसंगही आला नसता. हे तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाही. सभागृह आत जाण्यासाठीच बांधलेले आहे. लग्नाच्या दिवशी तेथे त्याहूनही अधिक माणसे असतात. प्रश्न आपण आत का गेलो हा नसून बाहेर का पडू शकलो नाही, हा आहे.

आता ते मागील दाराचे कुलूप. ते कोणी लावले? चार वर्षांपूर्वी कोठीतील मोठी पातेली व दोन पराती चोरीस गेल्या. पूर्वजांनी हाताने घडवून संस्थेस अर्पण केलेली ती भांडी होती. सर्वांस हळहळ वाटली. त्या वेळी कार्यकारी मंडळात ‘मागील दारास कायमचे कुलूप असावे’ अशी सूचना आली व ती एकमताने संमत झाली. ती सूचना आम्ही केली होती. हीच ती आमच्या खात्यावरची रक्कम. हेतू चांगला होता, परंतु पातेल्यांचे रक्षण करताना माणसांची वाट आम्ही बंद केली. आणि आम्ही तर शिक्षक! शाळेत मधल्या सुटीची घंटा झाली म्हणजे चार वर्गांची मुले एकदम जिन्यावर येऊ नयेत, म्हणून एकेक वर्ग क्रमाने सोडण्याचा नियम आम्ही वर्षानुवर्षे पाळला व पाळविला. शाळेच्या जिन्यावर जे समजत होते, ते ज्ञातिगृहात आल्यावर आम्ही विसरलो.

असे विसरणे किती महाग पडते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली व ५९ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे बाल्कनीत जादा आसने बसवून बाहेर पडण्याची एक वाट बंद केलेली होती. लोक ज्वाळांपेक्षा धुरानेच गुदमरले. वाईजवळच्या मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. अरुंद चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दाटलेली दुकाने, एवढी कारणे तेथे पुरेशी झाली. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाऊस आला म्हणून लोक थबकले, मागून लोंढा येत राहिला आणि २३ जण चेंगरून मेले. त्यानंतर लष्कराच्या साहाय्याने तेथे नवा पूल काही महिन्यांतच उभा राहिला. जो पूल माणसे मेल्यावर इतक्या त्वरेने होऊ शकतो, तो आधी का होऊ शकला नाही, हा प्रश्न राहतोच. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जीव गेले. या सर्व ठिकाणी माणसे आनंदासाठी, देवदर्शनासाठी किंवा रोजच्या चाकरीसाठी जमली होती. तेथील दार, जिना आणि वाट यांचा विचार आधी कोणीतरी करावयास हवा होता, तो झाला नव्हता.

हा विचार आधी व्हावा म्हणूनच नियम असतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ साली झाला. त्याप्रमाणे अशा इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने आगीपासून संरक्षणाची साधने नुसती बसवून भागत नाही. ती चालू स्थितीत आहेत असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत अग्निशामक अधिकाऱ्यांकडे द्यावे लागते. आपल्या सभागृहातील लाल नळकांडी कधी भरली, हे आम्ही त्यावरील चिठ्ठीवर वाचण्याचा प्रयत्न केला. अक्षरे पुसून गेली होती. याउपर अधिक बोलत नाही.

दार बाहेरच्या बाजूस उघडावे, असाही एक साधा दंडक आहे. त्याचे कारण समजून घ्या. दार आत उघडणारे असले आणि माणसांचा दाब त्यावर आला, तर ज्यांना बाहेर पडावयाचे आहे तेच त्यास बंद करून धरतात. आणि चोरीचे भय असेल तर त्यासही उपाय आहे. आतून आडवी दांडी दाबताच उघडते, परंतु बाहेरून उघडत नाही, अशी कडी बाजारात मिळते. म्हणजे पातेलीही राहतील आणि माणसेही. हे आम्हांस चार वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते. परंतु विचारले असते तर कोणीही सांगितले असते.

आता घरातून रस्त्यावर येऊ. बाजारपेठेत आपल्या ज्ञातीची अनेक दुकाने आहेत व त्यांची कीर्ती चांगली आहे. परंतु सकाळी दुकान उघडले की हंडे, घागरी, समया फळीवरून पायरीवर, पायरीवरून पदपथावर आणि सणाच्या आठवड्यात पदपथावरून रस्त्यावर येतात. ‘हातभर जागेने काय होते?’ असे आपण म्हणतो. शेजारचाही हातभर घेतो. समोरचाही घेतो. अशा रीतीने बारा हात रुंदीची वाट दहा हातांची होते आणि पदपथावरून चालणारी म्हातारी वाहनांमध्ये येते. सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हा अपराध १८६० च्या दंड संहितेतही होता व त्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो पाच हजारांपर्यंत गेला आहे. परंतु दंडाच्या भयाने आम्ही हे सांगत नाही. आपल्या पेठेत अग्निशामक दलाचा बंब शिरावयाचा झाला तर तो कोठे अडेल, याचा विचार प्रत्येक दुकानदाराने स्वतःच्या पायरीवर उभे राहून करावा.

याच संदर्भात फेरीवाल्यांविषयी एक शब्द. आपण दुकानदार त्यांच्या नावाने सदैव ओरडतो. त्यांच्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा झाला असून नगर पथविक्रेता समिती, ठरलेली जागा आणि प्रमाणपत्र अशी व्यवस्था त्यात आहे. ती व्यवस्था नीट अंमलात यावी अशी मागणी आपण अवश्य करू. परंतु भाड्याचे दुकान असूनही पदपथ अडविणाऱ्याने, दुकानच नसलेल्या गरिबास पदपथ मोकळा करण्यास सांगणे शोभत नाही.

तसेच आपल्या देवीच्या पालखीचे. मिरवणूक हा आपला परंपरागत अधिकार आहे व तो कोणी नाकारीत नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमान्वये, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो, मिरवणुकीचा मार्ग, वेळ व शिस्त यांविषयी नियम करण्याचा अधिकार पोलिसांस आहे. मार्ग ठरवून घेण्याचा हेतू भक्तीवर बंधन घालण्याचा नसून रुग्णवाहिकेस दुसरा मार्ग मोकळा ठेवण्याचा असतो. गेल्या वर्षी पालखी चौकात पाऊण तास थांबली, कारण लेझीम पथकास चित्रीकरण हवे होते. आपल्या मागे किती वाहने व त्यांत कोण अडकले होते, हे आपणांपैकी कोणी मागे वळून पाहिले नाही. आम्हीही नाही.

नियमांविषयी आपल्या लोकांच्या मनात जो दुरावा आहे, त्यास इतिहासही कारण आहे. पुण्यात १८९७ साली प्लेगाच्या निवारणासाठी सरकारने गोऱ्या सोजिरांकडून घरे तपासविली. रोग खरा होता, उपायही काही अंशी आवश्यक होते. परंतु देवघरात बूट घालून शिरणारा नियम लोकांना आपला वाटणे अशक्य होते. त्याचा परिणाम रँडच्या वधापर्यंत गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच वर्षीचे दुसरे चित्रही ध्यानात ठेवावे. लोकमान्य टिळकांनी लोकांसाठी प्लेगाचे रुग्णालय चालविले. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर यशवंतरावांसह प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्या सेवेतच त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. यांपैकी कोणीही ‘रोग्यास वेगळे ठेवू नका’ असे म्हटले नाही. माणसाचा मान राखून तेच काम त्यांनी केले. तेव्हा जुलमी अंमलबजावणीस विरोध करणे वेगळे आणि नियमामागील हितास विरोध करणे वेगळे.

आज नियम परक्याचा नाही. नगरसेवक आपण निवडतो, आमदार-खासदार आपण निवडतो. नियम चुकीचा असेल तर अर्ज, निवेदन, हरकती-सूचना, माहितीचा अधिकार, न्यायालय असे मार्ग मोकळे आहेत. नियमांत व त्यांच्या अंमलात उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही. शौचकूप न बांधता घाण करणाऱ्यास दंड करणे, पदपथ उखडून ठेवून पादचाऱ्यास शिस्त शिकविणे, बड्या मंडळींकडे काणाडोळा करून लहानांस धरणे, हे अन्याय आहेत व त्यांविरुद्ध संस्थेने अवश्य लिहावे. परंतु अशा लेखणीस वजन केव्हा येईल? जेव्हा आपल्या स्वतःच्या दारावरील कुलूप निघालेले असेल तेव्हा.

म्हणून आम्ही सभेस काही नम्र सूचना करतो. सातव्या कलमातील निषेधाचा ठराव मागे घेण्यात यावा आणि त्या जागी लगतच्या इमारतीतील रहिवाशांस दिलगिरीचे पत्र जावे. मागील दाराचे कायमचे कुलूप काढावे व आतून उघडणारी कडी बसवावी. तिच्या खर्चापैकी आमचा वाटा म्हणून एका महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. सभागृहात किती माणसे सुरक्षितपणे मावतात, हे अग्निशामक दलास विचारून तो आकडा दाराशी रंगवावा आणि भाडेपावतीवरही छापावा. वहाणांसाठी बाहेर मांडणी करावी, मधली वाट खुर्च्यांवाचून ठेवावी. उघड्या मंडपातील कार्यक्रम साडेनऊस संपेल असाच आखावा. पाहुण्यांची भाषणे त्यासाठी आखडती घ्यावी लागली तरी श्रोते तक्रार करणार नाहीत, असा आमचा अनुभव आहे. पालखीबरोबर दहा स्वयंसेवक केवळ मागे पाहण्यासाठी असावेत. आणि बाजारपेठेतील ज्ञातिबांधवांनी आपली भांडी पायरीच्या आत घ्यावी. त्याचा आरंभ कार्यकारी मंडळाच्या सभासदांच्या दुकानांपासून व्हावा.

शेवटी एकच विनंती. ज्यांचे मनगट मोडले त्या भगिनी आज सभेस आल्या आहेत व पुढच्या रांगेत बसल्या आहेत. या वर्षात त्यांनी संस्थेकडे एका पैशाची मागणी केली नाही. ती अंधारी वाट आमच्या सूचनेने बंद झाली होती, याबद्दल आम्ही त्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागतो. पोलिसांनी आपला ध्वनिक्षेपक बंद केला, हे आपण वर्षभर लक्षात ठेवले. आपण स्वतः दार बंद केले होते, हे मात्र विसरलो. पहिल्या गोष्टीने आपला अर्धा तास गेला, दुसरीने आपली माणसे गेली असती. ठरावावर हात वर करण्यापूर्वी या दोन रकमा वहीत समोरासमोर मांडाव्या व मग ज्याने त्याने आपल्या विवेकास स्मरून मत द्यावे.